ओळीतली शेवटची विहीर

वेंकूबाईंनी जन्मात कुठल्याही पाण्याला पहिल्या घोटात होकार दिला नाही. पाणी समोर आलं की आधी त्या चोंबूकडे बघत, मग चोंबू आणणाऱ्याकडे, आणि या दोघांची चौकशी संपली की पाण्याकडे. (चोंबू म्हणजे तांब्या. तंजावरात तीनशे वर्षं राहून आमच्या तांब्याचं नाव तेवढं बदललं, पोट तेच राहिलं.) मग वास. मग जिभेच्या टोकावर एक थेंब. मग डोळे मिटून शांतता. या शांततेत यजमानांचा जीव टांगणीला लागे. निकाल बहुधा ठरलेला असे : "पाणी आहे." याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी कुणाला दिल्याचं आमच्या गल्लीत ऐकिवात नाही.

त्यांची बहीण तिरुवैयारूला. घराच्या मागच्या पायऱ्यांना कावेरी लागलेली. लांबलांबून लोक तिथं पापं धुवायला येतात. वेंकूबाई मात्र बहिणीकडे जाताना बरोबर आपलं पाणी घेऊन जायच्या. "अस्क्यांची पापं धुतलेलं पाणी मी कां प्यावं?" असा त्यांचा सवाल होता. (अस्के म्हणजे सगळे.)

त्या एकच पाणी मानत. आपल्या विहिरीचं. तेही मानत म्हणजे काय, रोज सकाळी तपासून घेत.

ही विहीर साधी नव्हती. बोअर खणून, मोटार लावून पाणी ओढायच्या कितीतरी आधी तंजावरात जमिनीखालून पाणी खेळवलेलं होतं. शिवगंगा तळ्यातलं पाणी भाजक्या मातीच्या नळांतून राजवाड्याकडे आणि वाटेतल्या गल्ल्यांतल्या विहिरींकडे जायचं. जुनी माणसं त्याला जलसूत्र म्हणत. नायक राजांनी सुरू केलं, मराठ्यांनी वाढवलं, असं सांगतात. इंजिन नाही, वीज नाही. पाण्याला उतार दाखवला की ते आपल्या पायांनी चालत जातं, एवढ्या एका विश्वासावर गावाची तहान भागली. पुढं बाकीच्या ओळी तुटल्या, बुजल्या, काहींवर घरं उभी राहिली. आमच्या गल्लीतला एक तुकडा मात्र, का कोण जाणे, जिवंत राहिला. त्यावर दोनच विहिरी उरल्या होत्या : वरच्या अंगाला शेजारच्या राजगोपालची आणि सगळ्यात खाली वेंकूबाईंची. प्रत्येक घरात नळ आधी एका झाकलेल्या दगडी हौदीत उतरायचा, तिथं गाळ बसायचा, आणि वरचं निवळ पाणी विहिरीच्या भिंतीतल्या तोंडातून आत पडायचं; उरलेलं नळानं पुढच्या घराच्या हौदीकडे जायचं.

ओळीतली शेवटची विहीर असणं म्हणजे पंगतीत शेवटच्या पानावर बसणं. वाढपी इथवर येईपर्यंत भातावरचं तूप उरेल की नाही, ही शंका पहिल्या पानावरच्या माणसाला कधी येत नाही. वेंकूबाईंच्या सासरी ती पिढ्यान्पिढ्या येत होती.

त्यांचे सासरे श्रीनिवासराव तर शंकेखोरांचे राजेच. साहेबाच्या अमदानीत नदीकाठी विहिरी खोदून, इंजिन बसवून, उंच टाकी बांधून नळाचं पाणी गावात आलं, तेव्हाची गोष्ट. नळाच्या आत चामड्याची चकती असते, ही बातमी पाण्याच्या आधी गल्लीत पोचली. श्रीनिवासराव तडक भांडायला निघाले. पायांत चामड्याच्याच वहाणा होत्या, पण ते त्यांच्या लक्षात आणून द्यायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी त्यांनी मिस्त्रीला घरी बोलावून ती चकती काढायला लावली आणि आपल्या जुन्या सोवळ्याच्या पट्टीची घडी तिथं बसवली. नळ त्या दिवशी गळायला लागला तो कायमचा. "गळेना का," श्रीनिवासराव म्हणायचे, "सोवळ्यात गळतो." ते पाणी गेलं केळीला. घरात प्यायला विहीर होतीच.

अशा घरात ओरत्तनाडूहून वेंकूबाई सून म्हणून आल्या. पहिल्या दिवशी सासूनं पाणी दिलं. नव्या नवरीनं पदराआड चोंबू नेऊन आधी वास घेतला. सासू रागावली, पण श्रीनिवासरावांनी ते तिण्णैवरून, म्हणजे ओट्यावरून, पाहिलं आणि तृप्त मानेनं म्हणाले, "ही आपल्याच घरची."

या दोन विहिरींची एक रीत होती. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, आडिपेरुक्कूला, नद्यांना नवं पाणी येतं आणि तंजावर जिल्ह्यात घरोघर चित्रान्नं होतात : लिंबाचा भात, चिंचेचा, नारळाचा, दह्याचा. त्या सकाळी राजगोपालच्या घरचे आपल्या हौदीत हळदीत माखलेली कण्हेरीची फुलं सोडत. ती जमिनीखालून वाहत येऊन वेंकूबाईंच्या विहिरीत पडत. फूल खाली आलं की भात वर जायचा. याला कुणी पूजा म्हणायचं. वेंकूबाई तपासणी म्हणायच्या.

मग दिल्लीनं बाजाराची दारं उघडली. बाकीच्या गावांत त्यातून काय काय आत आलं असेल ते असो, आमच्या गल्लीत पाणी आलं, विकतचं. राजगोपाल तेव्हा जळलेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून देत असे. भला, गोल माणूस, हसला की आधी पोट हसायचं. नात्यानं वेंकूबाईंचा लांबचा दीर, पण लहानपणापासून त्यांना आक्का म्हणायचा. त्यानं परसात बोअर मारला, पाणी शुद्ध करायचं जांभळ्या दिव्याचं एक यंत्र आणलं, आणि देवळाजवळच्या लॉजांना निळे कॅन पुरवायला लागला. दारावर पाटी लागली, ‘राजा अ‍ॅक्वा’.

"पाणी विकतो म्हणजे कोणाचं तरी चोरलं असणारच," वेंकूबाई म्हणाल्या. "दूध विकणाऱ्याकडे म्हैस तरी दिसते."

आणि नेमकी त्याच सुमारास त्यांची विहीर उतरायला लागली.

झालं. राजगोपाल सकाळी खोकला तरी वेंकूबाई कान देऊ लागल्या. त्याच्या मोटारीचा आवाज सुरू झाला की सुनेला, अखिलाला, माडीवर पाठवायच्या : बघ, काय ओढतो ते. मोटार ओढते ते माडीवरून दिसत नाही, हे अखिलाला ठाऊक होतं, पण माडीवर वारा चांगला यायचा. तिनं कधी तक्रार केली नाही. तो आपल्या हौदीत काही मिसळतो आहे असाही वेंकूबाईंना संशय आला. त्यावर त्यांनी औषध काढलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी गोड व्हावं म्हणून तळाशी नेल्लीचं, म्हणजे आवळ्याचं, लाकूड टाकतात. वेंकूबाईंनी तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. त्यांच्या हौदीच्या झाकणाला कोपऱ्यात एक भोक होतं. त्यातून काठीनं ढोसून त्या नेल्लीचे तुकडे थेट नळाच्या तोंडात सारू लागल्या. राजगोपालकडून येणारा एकही थेंब लाकडाला न शिवता आत यायला नको. पाण्याची चव जरा वेगळी लागली, की आणखी एक तुकडा.

दोन आडिपेरुक्कू कोरडे गेले. फूल आलं नाही, भात गेला नाही. वेंकूबाईंनी गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत सांगून ठेवलं की राजगोपालनं ओळ बंद केली आहे. राजगोपालची बायको देवळात समोर दिसली की त्या प्रदक्षिणा उलटीकडून घालता येते का, याचा विचार करीत.

इकडे त्यांचा मुलगा गणेशकुमार, सहकारी बँकेतला, वेगळंच गणित मांडून होता. विहीर घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून. ती वाळूनं भरून टाकली तर तिथं एसटीडी बूथ निघेल, अखिला बसेल, बाजूला झेरॉक्सचं मशीन. नळाचं पाणी होतंच. नळाची चकती आता रबराची होती.

"विहीर भरायची?" वेंकूबाई म्हणाल्या. "मग मला पण त्यांत घाल आणि वर मशीन ठेव."

"अम्मा, पाणीच नाही त्यांत."

"कोणी नेलं तें विचार."

शेवटी करार झाला. गणेशकुमार बँकेतला असल्यामुळे त्यानं एक अट न घालता दोन घातल्या. यंदाच्या आडिपेरुक्कूला फूल आलं पाहिजे, आणि आलेलं पाणी अम्मांनी स्वतः पिऊन ‘प्यायला बरं’ म्हटलं पाहिजे. नाही तर विहीर भरायची आणि अम्मांनी चकार शब्द काढायचा नाही. दुसरी अट ऐकून गल्ली मनात हसली. अम्मांनी कुठल्या पाण्याला कधी बरं म्हटलं होतं? वेंकूबाईंनाही डाव कळला असावा, कारण त्या मुलाकडे चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिल्या. आडिपेरुक्कूच्या आदल्या दिवशी दारात वाळूची गाडी रिकामी झाली, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

"राजगोपालनं तुला किती कॅन द्यायचं कबूल केलंय?" त्यांनी विचारलं.

गणेशकुमारनं कपाळाला हात लावला. वेंकूबाईंनी तोही पुरावा धरला.

आडिपेरुक्कूच्या सकाळी अखिलाला साक्षीदार म्हणून वर, राजगोपालच्या घरी, पाठवण्यात आलं. सूचना स्पष्ट होत्या : त्याच्या हातांवरून नजर हलवायची नाही. राजगोपालनं हौदीचं झाकण सरकवलं आणि फुलांची परडी तिच्यासमोर धरली.

"अखिला, नीट बघ हो. हीं फुलं. हे माझे हात. अण्खी कांही बघायचं असेल तर बनियन काढतों."

"नको मामा," अखिला म्हणाली.

त्यानं फुलं सोडली. अखिला खाली आली आणि सगळे विहिरीभोवती उभे राहिले. वेंकूबाईंनी कांजीवरमच्या नऊवारीचा पदर खोचला, चष्मा पुसला आणि काठावर वाकल्या. तळाशी चोंबू बुडेल एवढं पाणी, त्यात आभाळाचा एक तुकडा. कितीतरी वेळ गेला. भिंतीतलं तोंड दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं उघडं राहिलं. त्यातून एक पाल बाहेर आली, लोकांची गर्दी पाहून परत आत गेली.

गणेशकुमारनं फक्त वाळूकडे पाहिलं. ते पाहणं वेंकूबाईंना लागलं. त्या ताठ झाल्या आणि गल्लीत येऊन उभ्या राहिल्या.

"राजगोपाला, बाहेर ये."

राजगोपाल आलाच. तो वाटच बघत असावा.

"वाट कोठें बंद केलीस तें सांग. मी पोलिसांत जाणार नाही."

"आक्का, मी बंद केली नाही."

"मग पाणी काय रुसलं?"

"तुमची हौदी उघडून बघूं या."

"वा रे वा. चोर तुझ्या घरीं आणि झडती माझ्या घरीं?"

"माझी हौदी आज तुमच्या सुनेनं बघट्ली की. पाणी चढून काठाला लागलंय. खालीं वाट नसली तर तें वरतीं चढणारच."

वेंकूबाई सुनेकडे वळल्या. "काठाला लागलंय?"

"हो, आत्याबाई."

"मग मला कां नाही सांगट्लंस?"

"तुम्ही हात बघ म्हणट्लंत," अखिला म्हणाली. "मी हात बघट्ले."

वेंकूबाई पुन्हा राजगोपालकडे वळल्या. पण हौदी उघडायला त्या तयार होईनात. हा माणूस झाकण उघडायच्या निमित्तानं आत काहीतरी टाकेल, अशी त्यांना धास्ती. शेवटी असं ठरलं की पहार राजगोपालनं धरायची, झाकण गणेशकुमारनं ओढायचं, आणि वेंकूबाईंनी दोघांच्या मधे उभं राहायचं. झाकण मोठं होतं आणि मधे उभ्या राहिलेल्या वेंकूबाईही काही लहान नव्हत्या. बऱ्याच धापा टाकून झाल्यावर दगड सरकला.

नळाच्या तोंडात नेल्लीचे तुकडे पाचरीसारखे गच्च बसले होते. त्यांच्यामागे गाळ, गाळात मुळांच्या जटा. कुणी मुद्दाम बंद करायचं म्हटलं असतं तरी इतकं नेटकं काम झालं नसतं.

"हें कोणी घाट्लं?" वेंकूबाईंनी विचारलं.

अखिला समोरच्या नारळाकडे पाहू लागली. राजगोपालही त्याच नारळाकडे पाहू लागला. गणेशकुमारला तो नारळ दिसत नव्हता, म्हणून त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. आणि मग वेंकूबाईंच्या लक्षात आलं.

"तें लाकूड आहे," त्या म्हणाल्या. "लाकूड कोठें पाणी अडवतंय? तें औषध आहे."

"औषध जरा फार जाह्लं, आक्का," राजगोपाल हळूच म्हणाला, आणि बाह्या सरकवून हौदीत उतरला.

तुकडे एकेक करून बाहेर आले. शेवटचा निघताच आत कुणीतरी मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला आणि पाणी सुटलं. आधी काळं, मग तांबूस, मग बऱ्यापैकी पाण्यासारखं. थोड्या वेळानं हळदीनं पिवळी झालेली फुलं भिंतीतल्या तोंडातून विहिरीत पडली. गल्लीतल्या बायकांनी हात जोडले. वेंकूबाईंनी जोडले नाहीत. त्या वर न बघता फुलं बघत होत्या. ज्याला दोन वर्षं चोर म्हटलं, तो शेजारीच गुडघ्याएवढ्या चिखलात उभा होता.

विहीर चढली, गाळ खाली बसला. दुपारी गणेशकुमारनं पोहरा सोडून चोंबूभर पाणी काढलं आणि आईसमोर धरलं. आवाज अगदी मऊ होता.

"फूल आलं अम्मा. अत्तां दुसरी अट."

वेंकूबाईंनी चोंबूकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. वास घेतला, आणि त्यांच्या नाकपुड्या किंचित थांबल्या. एक थेंब जिभेवर ठेवला. डोळे मिटले. ही शांतता आम्हां सगळ्यांच्या ओळखीची होती, पण या वेळी ती लांबली. जवळ उभ्या असलेल्या आम्हांलाही चोंबूतला वास येऊन गेला होता. तळं आणि गल्ली यांच्यामधल्या वाटेवर गेल्या काही वर्षांत किती हॉटेलं, किती मोऱ्या, किती संडास उभे राहिले होते, आणि मातीचा नळ बिचारा म्हातारा.

वेंकूबाईंनी डोळे उघडले.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

आणि चोंबू तोंडाला लावून तो तळापर्यंत प्यायल्या.

जन्मभरात ज्यांनी ‘पाणी आहे’ याच्यापुढं मजल मारली नव्हती, त्यांनी ‘गोड’ म्हटलं. गणेशकुमारला त्याच क्षणी संशय आला. शेवटी मुलगा कुणाचा.

"अम्मा, खरंच?"

"तुला आईचा संशय येतो?" वेंकूबाईंनी विचारलं. हे वाक्य त्यांच्या तोंडी असं काही शोभलं की दोनतीन जणांना खोकला आला.

"मी बघूं कां जरा?" म्हणून गणेशकुमारनं चोंबूकडे हात केला. त्याच्या आधी राजगोपालनं हात घातला. हातापायांवर सकाळचा चिखल वाळलेला, पण त्यानं सरळ पोहऱ्यातलं पाणी चोंबूत ओतलं आणि घटाघट प्यायला. त्याचा चेहरा पाहायला सगळी गल्ली वाकली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. फक्त पोट एकदा हललं.

"गोड आहे," तो म्हणाला. "आम्ही पाण्याच्या धंद्यांतलीं माणसं. मी सांगट्लं तर ऐकावं, गणेशा."

दोघांनी सांगितलं, त्यातला एक धंद्यातला. करार बँकेतल्या माणसानंच केला होता, त्यामुळे मोडायची सोय नव्हती. वाळूवाल्याला निरोप गेला. एसटीडी बूथ पुढं तिण्णैच्या कोपऱ्यात निघाला, अंमळ अडचणीचा, पण चालला. फोन करणाऱ्यांना ओट्यावर बसून विहिरीची हवा मिळायची, आणि ते काय बोलतात ते ऐकायला वेंकूबाई मिळायच्या.

त्या संध्याकाळी चित्रान्न वर गेलं. वेंकूबाई स्वतः गेल्या. मागे अखिला, दह्याच्या भाताचं पातेलं घेऊन. पुढचं तिनंच सांगितलं, म्हणून खरं.

राजगोपालची बायको आत पानं मांडायला गेली, तसा वेंकूबाईंनी आवाज उतरवला.

"तुझ्या हौदींतलं पण तसंच लागतं?"

"चार वर्षं जाह्लीं, आक्का. आम्ही तोंडाला लावत नाही. झाडांना घालतों."

"मग मघां कां प्यायलास?"

"तुम्ही प्यायलांत ना."

वेंकूबाईंनी दह्याच्या भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. त्यानंतर काही दिवस त्या ताकावर होत्या, आणि राजगोपालही होता, पण दोघांनीही आपापल्या घरी सांगितलं की उन्हाचं झालं. वेंकूबाईंच्या स्वयंपाकघरात नळाचं पाणी येऊ लागलं, आणि अखिला ते भरताना त्या नेमक्या दुसऱ्या खोलीत असायच्या.

"म्हणजे कॅनांत तूं तें भरत नाहीस," त्या संध्याकाळी त्या पुढं म्हणाल्या.

"छे हो. बोअरचं. दोनशे फुटांचं."

"दोनशे फूट. कोणी मोजलं?"

"ज्यानं मारला त्यानं."

"पैसे फुटावर घेतले असतील."

"हो."

"मग तो दोनशेच म्हणेल," वेंकूबाई म्हणाल्या. "दाखव."

राजगोपालनं त्यांना परसात नेलं. मोटारीच्या बाजूला वीतभर रुंदीचा लोखंडी पाइप जमिनीतून डोकं वर काढून उभा होता. वेंकूबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या, चष्मा वर सारला, एक डोळा मिटला आणि दुसरा त्या काळ्या भोकाला लावला.

"काय दिसतंय, आक्का?"

"कांही दिसत नाही," आतून घुमल्यासारखा आवाज आला. "म्हणूनच विचारतें."